पान कुणी बदललं?

संगमेश ममदापुरे माणूस वाईट नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुमच्या तोंडून शिवी निघणार आहे, आणि ती त्याला लागूही पडते.

गाव औसा. वडिलांचं भांड्यांचं दुकान. नांदेडला इंजिनिअरिंग, मग पुण्यात पाच वर्षं नोकरी, आणि मग "आपल्याच भागात काहीतरी करायचं" या खुळापायी लातूरला परत. एका साडीच्या दुकानाच्या माडीवर दोन टेबलं टाकून त्यानं सॉफ्टवेअरचं ऑफिस उघडलं. पोरगा नेमकं काय विकतो हे त्याच्या आईला, बसम्माला, अजून कळलेलं नाही. कुणी विचारलं की ती सांगते, "त्याच्या दुकानात माल न्हाई, पण गिऱ्हाईक येतंय."

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे महांतेशअप्पा. दाळमिलची यंत्रं बनवायचा त्यांचा कारखाना. उदगीरपासून देगलूरपर्यंत त्यांची यंत्रं, आणि बिघडली की सगळीकडे धावणारा माणूस एकच: मारोती सोनकांबळे, मिस्त्री. हा माणूस मिलच्या दारात उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुठलं बेअरिंग जायला आलंय. दिवाळीनंतर तो रिटायर होणार होता. अप्पांनी संगमेशला बोलावून सांगितलं, "मिस्त्रीच्या डोक्यात जे आहे ते सगळं मला मोबाईलवर पाहिजे. नवे मेकॅनिक ते वाचून काम करतील."

त्यातून 'गाठोडं' तयार झालं. सॉफ्टवेअरचं हे नाव मिस्त्रीनंच सुचवलेलं. तीन महिने संगमेश त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मिलमागून मिल हिंडला. मिस्त्री बोलायचा, हा लिहून घ्यायचा, एकेका बिघाडाचं एकेक पान. पण मिस्त्रीचं बोलणं सरळ चालेल तर शपथ! पट्ट्याचं सांगता सांगता गडी मोटरवर घसरायचा, मोटरवरून चाळणीवर. "सर, यंत्रात एकटं काहीच नसतंय. एकाला दुसरं बांधलेलं हाय." म्हणून संगमेशनं पानाला पान जोडलं. शब्दावर बोट ठेवलं की त्या गोष्टीचं पान उघडायचं. कुणी पान बदललं तरी आधीचं जसंच्या तसं राहायचं. ते बघायला अगदी खाली 'जुनी पानं' नावाचं बारीक बटण. गिऱ्हाइकापुढं त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "आमच्या गाठोड्यातून काही पुसलं जात नाही."

आणि प्रत्येक पानावर, वर, ठळक अक्षरांत: 'लिहिणार: मारोती सोनकांबळे.' ते पहिल्यांदा बघताना मिस्त्रीनं आधी हात पुसले, मग मोबाईल घेतला.

"ह्ये सगळीकडं दिसतंय? नांदेडात बी?"

"नांदेडात बी, मामा."

दुसऱ्या दिवशी त्यानं एका पानाची प्रिंट मागून नेली आणि काचेत बसवून घरी लावली. तीस वर्षं त्यानं यंत्रांवर अप्पांच्या नावाच्या पाट्या ठोकल्या होत्या. आता त्याचं स्वतःचं नाव कशावर तरी होतं.

एकदा अहमदपूरच्या स्टँडवर चहा पिताना मिस्त्री म्हणाला, "सर, लई दिसापासून एक गोष्ट डोक्यात घोळून राहिली. म्या एका पानात म्हणलं, 'पुढचं त्या पानापरमानं करा.' म्हंजे ते पान आज जसं हाय तसं. उद्या कुनी ते पानच बदललं, तर माझं बोलनं बी आपोआप बदलंल की."

संगमेशच्या हातातला चहा तसाच राहिला. हाच प्रश्न त्याला दोन आठवडे छळत होता. जोड द्यायची ती पानाच्या आजच्या रूपाला, की पानाला, मग ते पुढं कसंही बदलो? पहिलं केलं तर नंतरच्या दुरुस्त्या पोचत नाहीत, लोक जुनंच वाचत बसतात. दुसरं केलं तर मिस्त्री म्हणतो तो घोळ. दोन्ही सांभाळायचं तर महिनाभराचं काम होतं, आणि अप्पांना सगळं दाखवायचा दिवस दहा दिवसांवर आलेला.

"मामा, ते माझ्यावर सोडा," तो म्हणाला. आणि सोपं होतं ते, म्हणजे दुसरं, केलं.

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण दाखवायच्या आदल्या दिवशी त्याला आवराआवरीची हुक्की आली. दाळमिलमध्ये एक खरबरीत रोल जाळीच्या आत फिरतो. दोन्हींच्या मधून तूर गेली की साल निघतं. रोल नवा असला की चावरा असतो, तेव्हा मधलं अंतर मोकळं ठेवायचं. झिजला की अंतर आवळायचं. मिस्त्रीनं याची दोन वेगळी पानं सांगितली होती. संगमेशला ती सारखीच दिसली. म्हाताऱ्यानं एकच गोष्ट दोनदा सांगितली, असं समजून त्यानं दोन्हींचं एक पान केलं. झिजल्या रोलचे आकडे ठेवले, नव्याचे उडवले. मिस्त्रीला फोन करून विचारायला एक मिनिट लागलं असतं. नाही विचारलं! अहो, उभ्या जन्मात ज्यानं रोलला हात लावला नाही, तो रोलचं पान दुरुस्त करतोय.

श्रावणात नांदेडजवळ एका नव्या मिलचं उद्घाटन होतं. अप्पांचं यंत्र, अप्पांचा नवा मेकॅनिक सिद्धलिंग. त्यानं मोबाईल उघडून 'नवा रोल बसवताना' हे मिस्त्रीचं पान वाचलं. शेवटी लिहिलं होतं, 'अंतर त्या पानाप्रमाणे.' त्यानं बोट ठेवलं, संगमेशनं एक केलेलं पान उघडलं, आकडे वाचले आणि अंतर आवळलं. नारळ फुटला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि यंत्रातून दाळीऐवजी चुनी बाहेर पडली. नुसता चुरा! गुरांपुढं टाकायच्या लायकीचा. पाहुण्यांपैकी कुणीतरी मोठ्यानं हसलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना बोलावणं. अप्पांनी मोबाईल मिस्त्रीच्या तोंडापुढं धरला.

"तीस वर्षं हात चालला तुमचा मिस्त्री, म्हणून काही बोललो नाही. डोकं थकलं असेल तर सांगायचं. हे असलं लिहून द्यायचं?"

"अप्पा, म्या असं सांगितलं न्हवतं."

"मग वर नाव कुणाचं आहे? माझं?"

कोपऱ्यातून कुणीतरी "होणारच होतं हे" असं पुटपुटलं. सोनकांबळ्याचं पान चुकलंय हे तिथल्या काही जणांना पटायला अजिबात वेळ लागला नाही. ते जणू वाटच बघत होते. संगमेश खुर्चीवर, मांडीवर लॅपटॉप. समोर 'जुनी पानं' उघडलेलं, आणि त्यात सरळ दिसत होतं: 'बदल: संगमेश ममदापुरे.' पुढच्याच आठवड्यात उदगीर आणि नांदेडचे दोन कारखानदार गाठोडं बघायला येणार होते. मिस्त्रीनं एकदा, एकदाच, त्याच्याकडं बघितलं. संगमेशनं लॅपटॉप मिटला आणि मूग गिळून बसला.

मिस्त्रीला त्या दिवसापासून बाहेरच्या कामावर पाठवणं बंद झालं. जाईपर्यंत तो स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडत बसला. दर रिटायरमेंटला कारखान्यात मांडव घालून शाल-नारळ होतो, फोटो निघतो, दोन माणसं बोलतात. मिस्त्रीची शाल वॉचमननं गेटवर हातात दिली. संगमेश तेव्हा आत ऑफिसात होता. खिडकीतून त्याला सगळं दिसलं.

आता म्हणाल, त्याला लाज वाटली नाही का? वाटली तर! जेवण जाईना. बसम्मा म्हणायची, "अरे, दृष्ट लागली का काय तुला?" लाज वाटली म्हणून तर तो हट्टाला पेटून कामाला लागला आणि महिनाभरात गाठोडं दुरुस्त केलं. आता जोड द्यायची ती पानाच्या त्या दिवशीच्या रूपाला. पुढं पान बदललं तर शेजारी खूण उमटायची: 'हे पान नंतर बदललंय, बघून घ्या.' रोलचे आकडेही गुपचूप जागेवर आणले. आणि वर, लिहिणाऱ्याच्या खाली, आता बदल करणाऱ्याचंही नाव. झकास काम केलं होतं, खोटं कशाला बोला.

फक्त हे चालू केलं असतं तर सगळ्यांच्या मोबाईलवर रोलच्या पानावर त्याचंच नाव आलं असतं. ते पान त्याच्यासमोर कितीतरी वेळ उघडं होतं. मग त्यानं प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: अमुक तारखेच्या आधीचे बदल दाखवू नयेत. खालच्या 'जुनी पानं'मधूनही त्याचं नाव गेलं. एक ओळ, बस्स. लाजेनं माणूस सुधारतो म्हणतात. काही माणसं लाजेनं नुसती झाकायला शिकतात.

उदगीरवाल्यांनी गाठोडं घेतलं. जानेवारीत नांदेडच्या त्याच्या कॉलेजनं भाषणाला बोलावलं. स्टेजवर उभं राहून संगमेश म्हणाला, "मी एका पानात 'त्या पानाप्रमाणे करा' म्हणतो, आणि उद्या कुणी ते पानच बदललं, तर माझं बोलणंही आपोआप बदलतं. या प्रश्नानं मला झोपू दिलं नाही." पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्या थांबेपर्यंत त्याच्या तोंडाला स्टँडवरच्या त्या चहाची चव आली आणि त्याला तिथं उभं राहवेना.

परतताना तो अहमदपूरला उतरला. मिस्त्रीचं गाव तिथून चार किलोमीटर. सगळं कबूल करायला चाललोय, असं त्यानं स्वतःला बजावलं. हातात पेढ्यांचा पुडा होता आणि खिशात एक यादीही होती: चाळणीबद्दलचे अकरा प्रश्न. नव्या मेकॅनिकांचं अडत होतं आणि अप्पा रोज विचारत होते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच.

मिस्त्री अंगणात सायकलची चेन बसवत होता. "जय भीम सर, या," म्हणाला, आणि हात पुसून बाज पुढं ओढली. आतून पारूबाई, मिस्त्रीची बायको, चहा घेऊन आली.

"तुमीच का ते सर? ह्यांचं नाव मोबाईलात लिवलेले? लई उपकार झाले बगा."

संगमेशला बाजेत गडप व्हावंसं वाटलं. त्यानं उघड्या दारातून आत बघितलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धाचा होता. त्यांच्या खाली एक रिकामा खिळा होता.

तो चाळणीचं बोलायला लागला. होय, चाळणीचं! तोंडातून तेच आलं. मिस्त्रीनं अकराच्या अकरा प्रश्नांची उत्तरं दिली, न अडखळता, मधे एकदा उठून काडीनं मातीत चाळणी काढूनसुद्धा दाखवली. संगमेशनं सगळं लिहून घेतलं. मग मिस्त्री म्हणाला, "सर, आता माझं एक काम करा."

"बोला की मामा."

"समद्या पानांवरनं माझं नाव काढा."

संगमेश गडबडला. "असं कसं? तुमचंच आहे ते सगळं."

"मालूम हाय. पन कुनी यंत्र बिघडवलं की माझं नाव निघतंय. नातीनं परवा इचारलं, आबा, तुमी चुकीचं लिवलं व्हतं का म्हून. म्या फ्रेम काढून ठिवली."

"मामा, ते..." आणि सवयीनं, अगदी सवयीनं, गिऱ्हाइकापुढचं वाक्य त्याच्या तोंडून निघून गेलं. "आमच्या गाठोड्यातून काही पुसता येत नाही."

मिस्त्रीनं सायकलचं पायडल हातानं एकदा फिरवून बघितलं. आवाज चढवला नाही.

"तुमचं तर पुसलं की, सर."

पारूबाई कप घ्यायला वाकली होती, ती तशीच थांबली.

"अप्पा बोलले त्याच दिशी म्या बटन दाबून बघितलं व्हतं. तुमीच शिकवलं न्हवं, जुनी पानं कशी बघायची? तुमचं नाव व्हतं तिथं. म्हणलं, पोरगं घाबरलं आसंल. आज बोलंल, उद्या बोलंल. रोज कामावर येऊन वाट बघायचो. शाल घेतली त्या दिशी बी बघितली. मग एक दिस मोबाईल उघडला तर तुमचं नावच न्हाई. चुकतंय हो माणूस. तीस वर्षांत म्या काय कमी रोल फोडले? पन त्या दिशी मला लई वाईट वाटलं."

संगमेशला रडू आलं, आणि रडायचासुद्धा हक्क आपल्याला नाही हे कळून त्याची मान आणखी खाली गेली. "मामा, मी... मी नीच माणूस आहे."

"ते न्हाई इचारलं म्या," मिस्त्री म्हणाला. "आधी तुमचं नाव घाला. माझं काढायचं का ठिवायचं, ते मग बगू."

संगमेशनं बाजेवर लॅपटॉप उघडला. ती एक ओळ शोधावी लागली नाही, तिची जागा त्याला पाठ होती. काढली, आणि बदल सगळीकडे पाठवला. मिस्त्रीनं आपला मोबाईल घेतला, चष्मा लावला, रोलचं पान उघडलं आणि पारूबाईला ऐकू जाईल असं एकेक अक्षर लावून वाचलं, "बदल: सं-ग-मे-श म-म-दा-पु-रे."

"आता अप्पाला फोन लावा. हितंच. आन् आवाज मोठा ठिवा."

त्यानं लावला. वाटेत घोकून आणलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठं गेली.

"अप्पा, ते रोलचं पान मिस्त्रीनं नाही, मी बिघडवलं होतं. मिस्त्रीनं बरोबर सांगितलं होतं."

पलीकडून अप्पा म्हणाले, "पाच महिने झाले त्याला. मी त्या माणसाला गेटवरून पाठवला रे. तू कुठं होतास?"

"आत होतो, अप्पा," संगमेश म्हणाला. "खिडकीत."