आक्काची दुसरी गोळी

आमच्या आक्काच्या अंगात देवी कवाच येत नव्हती. हे आक्काला ठावं हुतं, मला ठावं हुतं आन् मिरजंच्या डाक्टरीणबाईला ठावं हुतं. बाकी समदा गाव तिच्या पायावर डोकं ठेवत हुता.

आक्का म्हंजे माझी थोरली जाऊ, चंद्राबाई. मी धाकटी, सुलाबाई. उंब्रजच्या अंगाला आमची वाडी. आक्काचं मालक, माझं थोरलं भावजी, लालासाहेब, पलटणीत हवालदार हुतं. पेन्शनीवर आल्यावर त्येंनी ऊस लावला, पर घरात हुकूम चालायचा आक्काचा. तोडीच्या गड्यांना ती बांधावरनं अशी झाडायची, की पल्याडच्या रानातली माणसंबी मान खाली घालून कामाला लागायची.

ह्या बाईला जल्मात एकाच गोष्टीची हौस. गावदेवीचा नवरात्रातला दिवा. आमच्या घरचाच मान हाय त्यो. नऊ दिवस गाभाऱ्यातली समई इझू द्यायची न्हाई, तेल घालायचं, वात सारायची. आन् ते करणारी बाई महिन्याचं बाजूला बसणं सुटलेलीच पायजे. नवी नवरी आली तवापासनं आक्का सासूबाईंना ते करताना बघत आलेली. सासूबाई गेल्या, दिवा भावकीतल्या एका म्हातारीकडं गेला, आन् आक्का वाट बघत बसली. दुसऱ्या बायका पाळी गेली की हळहळत्यात. आमच्या आक्कानं पेढं वाटायचं तेवढं बाकी ठेवलं.

दिवा मिळाला, आन् त्येच्याबरुबर ती आग बी मिळाली.

"छातीतनं भडका उठतोय बग सुले," ती सांगायची, "मानंवरनं कानापातूर जातोय. लुगडं भिजून जातंय, काळीज धाडधाड उडतंय. आन् मग थंडीच वाजती." दिवसातनं चार-पाच येळा तरी हे व्हायचंच. झोपेचं तर नावच नगं.

सत्त्याहत्तर सालचं तिचं पयलं नवरात्र. गाभारा केवढा, तर दोन माणसं बसली की गुडघ्याला गुडघा लागतोय. त्यात समई, त्यात धूप. आक्काला आग आली. तोंड लालबुंद, घामाच्या धारा, बुचडा सुटलेला, आन् तोंडानं हुं हुं करत ती वारा घेतीया. बाहीर भावकीतली रंगूबाई हुती. तिनं जी आरोळी ठोकली, "आली गं बाई, आली!" झालं! बायकांनी मळवट भरला, ओट्या भरल्या. आक्काला तर बोलायला दम बी न्हवता.

मागनं ती समद्यांना सांगत सुटली, "बायांनू, देवी न्हवं, माझं अंग पेटतंय." कोण ऐकतंय! उलट म्हणायच्या, बगा, किती साधी हाय, मोठेपणा घेत न्हाई. मंगळवारी आन् शुक्रवारी दारात माणसं बसाय लागली. पयल्यांदा आमी दोघी आत जाऊन तोंडाला पदर लावून हसलो. पुढं हसायचं सरलं. आक्का चिडचिड करायची, भाकरी करता करता रडायची. एकदा भावजींच्या अंगावर तांब्या भिरकावला. त्येंनी त्यो उचलला आन् पलटणीत रांग लावत्यात तसा हुकूम सोडला, "उद्या मिरजंला जायाचं. फालीन!"

मी बी संगं गेले. डाक्टरीणबाई वयस्कर हुत्या, शांत हुत्या. आक्काला तपासलं आन् खुर्ची ओढून फुडं बसल्या. म्हणाल्या, "बायकांच्या अंगात एक रस असतो. पाळी जाते तेव्हा तो आटतो, म्हणून ही आग. तो रस गोळीतून देता येतो."

"द्या की मग!" आक्का म्हणली.

"ऐकून घ्या आधी. ही गोळी एकटी घेतली तर आग थांबेल आणि अंगावरही जाणार नाही. पण गर्भपिशवीचं आतलं अस्तर वाढत राहतं. अशा बायकांना पिशवीचा कॅन्सर जास्त होतो, असं परदेशातल्या डॉक्टरांना अलीकडेच दिसलंय. त्यासाठी महिन्याच्या शेवटी काही दिवस ही दुसरी गोळी जोडीला द्यायची. ती अस्तर झाडून काढते. म्हणजे दर महिन्याला थोडं रक्त जाईल."

आक्काचं तोंड उतरलं. "म्हंजे पुन्यांदा बाजूला बसायचं?"

"ती खरी पाळी नव्हे हो. औषधाचं रक्त ते."

"देवीला काय सांगू? गोळीचं हाय म्हणून?"

बाई जराशा हसल्या. मग म्हणाल्या, "काहीच घेतलं नाही तरी चालतं. आग हळूहळू कमी होते. पण किती वर्षांनी, ते मी सांगू शकत नाही. एकटी गोळी मात्र मी तुम्हाला देणार नाही. घ्यायच्या तर दोन्ही घ्या, आणि तपासायला येत जा. निवडायचं तुम्ही."

आक्कानं दोन्ही गोळ्या आणल्या आन् टरंकंत लुगड्याखाली ठेवून कुलूप घातलं. "दुसरं नवरात्र तोंडावर आलंय, ते होऊ दे," म्हणली. मी लय भांडले तिच्याशी. म्हणलं, "दिव्यापायी जीव जाळतीस व्हय?" तर म्हणली, "सुले, जल्मात एक गोष्ट मागितली मी. ती हातात आली आन् सोडू?"

त्या नवरात्रातली सातवी माळ. दुपारची येळ. रंगूबाईनं तिची सून, विजयमाला, बैलगाडीत घालून देवळात आणली. पोरगी दिवस भरत आलेली. तोंड सुजून डोळं बारीक झालेलं, बांगड्या मनगटात रुतलेल्या. दोन्ही हातांनी डोकं दाबून आक्काला म्हणत हुती, "मावशी, डोळ्याफुडं काजवं चमकत्यात वं."

"आगं, हिला हितं का आणली?" आक्का वरडली. "कराडला ने!"

"देवीला इचारून नेती," रंगूबाई म्हणली. "गेल्या खेपंला न इचारता दवाखान्यात नेली आन् पोर हातचं गेलं. आता न्हाई न्यायची."

"मी सांगती ना, ने!"

"तुमी न्हवं. देवी सांगू दे."

आन् समदी माणसं आक्काच्या तोंडाकडं बघत बसली, लाल कवा हुतंय म्हणून. काय सांगू तुमास्नी! जी आग न बोलावता दिवसातनं चार येळा यायची, ती मेली त्या दिवशी येईना! आक्का समईफुडं सरकून बसली, पदर गुंडाळला, तरीबी न्हाई. विजयमाला भिंतीला कलंडली आन् भडाभडा वकली.

आक्का उठून उंबऱ्यात आली. "रंगूबाई, पाया पडते तुझ्या. माझ्या अंगात कुणी येत न्हाई. माझी पाळी गेली, त्येची धग हाय ती. मिरजंच्या डाक्टरीणबाईनं सांगितलंय."

रंगूबाईनं हात जोडलं. "देवी परीक्षा बघती माझी. बसते मी हितंच."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. तसं तोंड तिचं मी कवा बघितलं न्हवतं. भ्याली हुती ती. आमची आक्का, आन् भ्याली हुती! मग तिनं बुचडा सोडला, मान गरागरा फिरवली आन् अशी किंचाळली, की बाहीर बैल बुजलं.

"उचला तिला! माझ्या दारात मराय आणली व्हय? कराडला न्या! आत्ताच्या आत्ता!"

रंगूबाईनं लोटांगण घातलं, तिच्या पोरानं विजयमालेला उचलली. भावजी हायवेवर जाऊन रस्त्यात आडवं उभं राहिलं, ट्रक थांबवला आन् तिला घालून नेली. गाभाऱ्यात आक्का समईत तेल घालत हुती. निम्मं तेल खाली सांडलं.

"देवीच्या फुडं बसून तिच्याच नावानं खोटं बोलले मी," म्हणली.

"पोरगी वाचंल," मी म्हणलं.

"वाचू दे गं," ती म्हणली आन् रडाय लागली.

वाचली. डाक्टर म्हणलं, अजून उशीर झाला असता तर दोघंबी गेली असती. पोर झालं, मांजराच्या पिलाएवढं, पर जित्तं. आता बघा गावाचं! दसरा सरला तसं शेजारच्या गावची माणसं बी याय लागली. एका शुक्रवारी आकाराम आला. आमच्याच वाडीतला, क्षयानं वाळून काटकी झालेला. पाय धरून म्हणला, "देवी, सुया टोचून जीव नको झालाय. बंद करू का? अंगारा पुरंल का?"

आक्काला नेमकी तवाच आग चढली हुती. तोंड लाल, घाम निथळतोय. तिनं दातावर दात धरलं आन् तशीच खाली बसली. सावरल्यावर म्हणली, "सुई बंद केलीस तर तंगडी मोडीन." आकाराम निघून गेला. ती मातुर आत जाऊन टरंक उघडून बसली.

"एकाला वाचवायला खोटं बोलले," म्हणली. "उद्या माझं तोंड लाल झालं, आन् कुणी त्येचा भलताच अर्थ लावला तर? न्हाई सुले. मला इचारणारंच बंद झालं पायजेत."

मी म्हणलं, "मग पयलीच घे तेवढी. आग जाईल, दिवा बी ऱ्हाईल."

"आन् पिशवी सडली म्हंजे? डाक्टरीणबाईनं बजावलंय." तिनं दोन्ही पाकिटं हातात धरली. "आन् आग गेली तरी ह्या बया देवी रुसली म्हणत्याल आन् दारात बसत्याल. पाळीच्या बाईच्या अंगात देवी येती असं गाव मानत न्हाई. रगत आलं की कुणी येणार न्हाई. दोन्ही घेते."

महिना भरत आला तसं एक दिवस सकाळी ती मागल्या दारानं आली आन् अंगणात बसली. शुक्रवार हुता. रंगूबाई नारळ घेऊन आली आन् पायाला हात लावायला वाकली.

"शिवू नगंस," आक्का समद्यांना ऐकू जाईल अशी म्हणली. "बाजूला बसलीया मी."

"ह्या वयात?"

"व्हय, ह्या वयात. आन् आता दर महिन्याला."

रंगूबाई नारळ घेऊन तशीच माघारी गेली. त्या दिसापासनं दारात कुणी आलं न्हाई.

पुढच्या नवरात्रात दिवा रंगूबाईकडं गेला. आक्काला आता गाभाऱ्यात पाऊल ठेवायची मुभा न्हवती. आमी दोघी देवळाच्या पायरीवर बसलो हुतो, विजयमालेचं पोर आक्काच्या मांडीवर. आत वात फडफडली. आक्का बसल्या जागेवरनं वरडली, "रंगूबाई, काजळी झाड! तेल नंतर!" आत रंगूबाईनं काजळी झाडली. वात सरळ झाली.

माझा संताप झाला. डोळ्यात पाणी आलं. म्हणलं, "आक्का, तुझा दिवा हाय त्यो!"

"रडतीस काय येडे?" ती म्हणली. "झोप लागती मला आता."

आन् पदरानं तिनं आपलंच डोळं पुसलं.