कुंकवाखालचे संगणक

आमच्या शाळेत संगणकांची पूजा फार मनापासून व्हायची. शिकवणं तेवढं राहून जायचं.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. म्हणजे, लिहीत असेनही, पण खोटं नाही. शहागंजच्या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमची मुलींची शाळा. तिथं मी मराठी शिकवते, आणि इतकी वर्षं शिकवतेय की सुरुवातीच्या मुलींच्या मुली आता माझ्या वर्गात बसून त्याच चुका करतात. वरच्या मजल्यावर, टोकाला संगणक खोली. चपला दाराबाहेर काढायच्या. प्रत्येक मशीनवर शिवणाच्या तासाला शिवलेलं फुलाफुलांचं झाकण. चोरीच्या भीतीनं सगळे सीपीयू लोखंडी जाळीच्या चौकटीत बसवलेले, पुढची बाजू तेवढी उघडी, आणि जाळीच्या कुलपाची किल्ली कधीच हरवलेली. ही खोली अधिकारी तपासणीला आले की उघडायची आणि खंडेनवमीला उघडायची.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडं हत्यारं-अवजारं पुजतात. आमचे मुख्याध्यापक सर शेतकऱ्याच्या घरातले. लहानपणापासून नांगर, विळे, कुऱ्हाडी पुजत आलेले. पूजेत हात आखडता घेणं त्यांना ठाऊकच नाही. ते स्वतः ताट घेऊन यायचे आणि प्रत्येक संगणकाला ओलं हळदकुंकू, वर अक्षता, वर झेंडूचं फूल असा साग्रसंगीत मान द्यायचे. आमच्या मुलींनी त्या खोलीत माऊसपेक्षा खोबऱ्याचा प्रसाद जास्त वेळा हातात धरला असेल.

शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्याच बैठकीत सरांनी सांगून टाकलं की आता ती मशीनं म्हातारी झाली, उघडायलाच तास जातो, नवं विंडोज त्यांना पेलत नाही. दिवाळीच्या सुटीत भंगारवाला येऊन घेऊन जाईल. खोली पोषण आहाराच्या तांदळाला होईल. तांदळाला कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला मात्र आमच्या मुली दिसायला लागल्या. त्यांतल्या कितीतरी जणींच्या घरी संगणक नाही. दहावी झाली की प्रवेशाचा अर्ज भरायला त्या नेट कॅफेत जातात, माऊस हातात घ्यायचा धीर होत नाही, आणि मग कुणा परक्या माणसाला आपला पत्ता, वडलांचा मोबाइल नंबर सांगत खुर्चीमागं उभ्या राहतात. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि फार चिडले होते. ती खोली गेली तर माझ्या मुली कायम खुर्चीमागंच राहणार होत्या.

"सर, मशीनं देऊ नका. मी चालू करते," मी म्हणाले.

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत, पण म्हणाले, "बाई, तुम्ही मराठीच्या."

"संगणकाला कुठं माहितीय ते?"

सरांना हजरजबाबी माणसं आवडतात. त्यांना स्वतःला ते जमत नाही म्हणून असेल. ते म्हणाले, "ठीक आहे. खंडेनवमीला मी ताट घेऊन येईन. माझ्यासमोर एक जरी मशीन नीट चाललं, तर खोली तुमची. नाय चाललं, तर तांदळाची."

खरं सांगायचं तर मला तेव्हा एवढंच माहीत होतं की जुन्या मशीनवर लिनक्स चांगलं चालतं. एका प्रशिक्षणात चहाच्या वेळी कानावर पडलं होतं. घरी येऊन वाचत गेले, व्हिडिओ बघत गेले. विंडोजसारखीच ही संगणक चालवणारी प्रणाली, पण खुली. फुकट घ्या, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. मला ते लगेच पटलं. पिशोरला, माझ्या माहेरच्या गावी, माझी आई काळ्या मसाल्याचं प्रमाण विचारेल तिला सांगायची, आणि एखादीनं त्यात दगडफूल वाढवून बघितलं तर उलट तिच्याकडून शिकून यायची. मसाला झाकून ठेवणाऱ्या बायकांविषयी तिचं मत चांगलं नव्हतं.

मदतीला आपा आल्या. आपा आमच्याकडं हिंदी आणि उर्दू शिकवतात, माझ्याहून मोठ्या, आणि त्यांच्या जिभेला माझ्या जिभेइतकीच धार. "मॅडम, अकेली मत मरो," एवढंच म्हणाल्या आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर डबा घेऊन वर येऊन बसल्या. त्या दिवसापासून शनिवारची दुपार आमची झाली.

पेनड्राइव्ह मी शहागंजमधून घेतला. गुलमंडीत साडी घेताना दुकानदाराला घाम फोडणारी मी, पण इथं समोर आला तो पहिला उचलला. घरच्या लॅपटॉपवरून त्यात लिनक्स भरलं. आता मशीनला एवढंच सांगायचं होतं की, बाबा रे, आज तू नेहमीच्या डिस्कवरून सुरू होऊ नकोस, या पेनड्राइव्हवरून हो. सुरू होताना एक ठरावीक कळ दाबली की तसं सांगता येतं. मी सांगितलं. मशीननं ऐकलं नाही. त्याला पेनड्राइव्ह दिसतच नव्हता.

दुसऱ्या मशीनवर लावला, तिथंही तेच. तिसऱ्यावरही. मी पुन्हा लिनक्स भरून आणलं. सेटिंगमधल्या न कळणाऱ्या गोष्टी बदलल्या, परत जशाच्या तशा केल्या. दोन शनिवार वाया गेले. पेनड्राइव्ह शेवटपर्यंत आत जात नाही हे लक्षात आलं होतं, पण जुनी खाच आहे, घट्ट असेल, असं म्हणून मी तो नुसता दाबत राहिले. शेवटी मी खुर्चीवर बसकण मारली आणि माझ्या तोंडून पिशोरची बोली बाहेर पडली, "लई झालं आता. नाय होत माझ्याच्यानं."

आपांनी चष्मा लावला, मोबाइलचा उजेड पाडला आणि त्या मशीनसमोर जवळजवळ नमाजाला वाकल्यासारख्या वाकल्या. मग डोक्यावरच्या ओढणीची पिन काढली. मशीन बंद करायला लावलं. पिनेच्या टोकानं हळूहळू कोरत त्यांनी पेनड्राइव्हच्या खाचेतून एक तांबडा-पिवळा खडा बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"ये देखो मॅडम. तुमची पूजा."

हळदकुंकू! वर्षानुवर्षांचं, वाळून दगड झालेलं. त्यात चिकटलेला तांदळाचा एक दाणासुद्धा होता. जाळीमुळं मागच्या खाचा आमच्या हाताला येत नव्हत्या, आणि पुढं त्या दोन खाचा अशा जागी होत्या की मशीनला कपाळ म्हणून दुसरं काही सापडूच नये. सरांनी दरवर्षी श्रद्धेनं अगदी तिथंच बोट टेकवलं होतं. मी आधी हसले आणि मग माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अख्खी खोली तांदळाला जाणार म्हणून मी भांडत होते, आणि तांदूळ केव्हाच आत शिरून बसले होते.

त्या दुपारी आम्ही सगळ्या मशीनची कपाळं कोरून काढली. पुढच्या शनिवारी पेनड्राइव्ह खटकन आत बसला आणि पडदा उजळला. मी इतक्या जोरात ओरडले की खालून शिपाईमामा पळत वर आले, त्यांना वाटलं शॉक बसला.

मग खरा भीतीचा भाग आला. डिस्क पूर्ण पुसून टाकू का, असं मशीन विचारत होतं. आत काही कामाचं राहिलं नाही हे आम्ही आधीच बघून ठेवलं होतं. तरी मी गणपतीचं नाव घेतलं, आपांनी बिस्मिल्ला म्हटलं. एंटर कुणी दाबलं यावर आमचं आजही भांडण आहे. मी दाबलं. पुढं जगाचा नकाशा आला, तुमचं ठिकाण निवडा म्हणाला. मी मराठवाड्यावर नेम धरून क्लिक केलं तर त्यानं कोलकाता दाखवलं. वेळेसाठी अख्ख्या भारताला तिथं कोलकाताच आहे, हे नंतर कळलं. "चलो," आपा म्हणाल्या, "फुकट में कोलकाता घूम लिये."

भाषा मात्र आम्ही मराठी निवडली. पहिल्यांदा सुरू झालेल्या त्या पडद्यावर मराठी शब्द होते. कुठं कुठं भाषांतर कच्चं होतं, आणि ते दुरुस्त करायला माझी बोटं लगेच शिवशिवली, पण ते माझ्या भाषेत माझ्याशी बोलत होतं. आपांनी तेवढ्यात उर्दूचा कीबोर्ड शोधून स्वतःचं नाव लिहिलं, उजवीकडून डावीकडं, आणि त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या.

लिनक्स बसवणं सोपं, सांभाळणं अवघड, हे मला माझ्याच आगाऊपणानं शिकवलं. माऊसऐवजी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायला मला फार आवडायला लागलं होतं. सुरुवातीला तिथं पासवर्ड लिहिताना काहीच उमटेना, तेव्हा मी कीबोर्ड बिघडला म्हणून उलटा करून झटकला होता. तो दिसू नये म्हणूनच उमटत नाही हे कळल्यावर मी फारच तयार झाले. एका दुपारी मुलींना सगळ्या फाइली उघडता याव्यात म्हणून मी एकच दणदणीत आज्ञा दिली आणि पूर्ण मशीनचे हक्क सगळ्यांना वाटून टाकले. मशीननं ती निमूट पाळली. पुढच्या वेळी सुरू केलं तर ते मलाच आत घेईना. संगणक "बाई, तुम्हाला खरंच असं म्हणायचंय का?" असं विचारत नाही. मालकीणबाई म्हणाल्या म्हणजे झालं. सगळं पुसून पुन्हा बसवलं. तेव्हापासून प्रत्येक आज्ञा एंटर दाबण्याआधी मोठ्यानं वाचायची, दुसरीनं ऐकायची, हा आमचा नियम झाला.

त्यानंतर आम्ही सुसाट सुटलो. प्रत्येक वर्गाचं वेगळं खातं केलं. कुणी काय बघायचं, कुणी काय बदलायचं, कुणी कशाला हात लावायचा नाही, ते ठरवलं. एक मशीन काही केल्या उठेना, त्याची मेमरी काढून दुसऱ्याला घातली आणि ते दुसरं तरतरीत झालं. त्यासाठी जाळीचं कुलूप शिपाईमामांकडून तोडून घेतलं, सरांना न विचारता.

खंडेनवमी आली. सर ताट घेऊन वर आले, मागं सगळे शिक्षक. झाकणं मी आधीच काढून ठेवली होती, मशीनं मुद्दाम बंद ठेवली होती. एवढ्या महिन्यांत नीट चाललेलं मशीन नेमकं त्याच दिवशी रुसलं, तर दिवाळीनंतर इथं तांदळाची पोती येणार होती.

सरांनी सवयीनं ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि पहिल्या मशीनच्या नेमक्या त्या खाचेकडं नेलं. मी त्यांचं मनगट धरलं. सगळ्या शिक्षकांसमोर, मुख्याध्यापकांचं मनगट!

"तिथं नाय, सर."

सरांनी बोट हवेत तसंच ठेवून विचारलं, "मग कुठं लावू?"

मी तो तांबडा खडा एका डबीत जपून ठेवला होता. तो त्यांना दाखवला आणि तो कुठून निघाला तेही सांगितलं. मला वाटलं, सर आता चिडणार. ते म्हणाले, "एवढं सगळं मीच लावलंय व्हय?" आणि स्वतःच हसायला लागले. मग म्हणाले, "दाखवा. चालू करा."

मी बटण दाबलं. पडदा उजळला आणि खात्यांची नावं ओळीनं वर आली. आठवी, नववी, दहावी. त्याखाली शिक्षक. त्याखाली मुख्याध्यापक. सरांनी आपलं खातं बघून मान हलवली. मग त्यांची नजर आठवीच्याही वर असलेल्या नावावर गेली.

"हा प्रशासक कोण?"

इतकी वर्षं मी सहशिक्षिका म्हणून सही करत आले होते. कुणी मला असं काही विचारलं नव्हतं.

"मी, सर. आणि आपा."

"आणि मी याला हात लावू शकत नाही?"

"वापरू शकता. बदलायचं असेल तर आम्हाला विचारावं लागेल."

मागं कुणाला तरी ठसका लागला. सरांनी पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. "मग तुमच्या मशीनची पूजा तुम्हीच करा," म्हणाले.

मी कुंकवाचं छोटं बोट पडद्याच्या चौकटीवर, वरच्या कडेला लावलं. फूल आपांनी ठेवलं, कीबोर्डपासून लांब. अभिमान वाटला का? वाटला. अजून वाटतो, आणि त्याचा मला अजिबात संकोच नाही.

दिवाळीच्या सुटीत भंगारवाला ठरल्याप्रमाणं आला. सरांनी त्याला मोडक्या खुर्च्या आणि पत्र्याचं एक कपाट दिलं. तांदळाची पोती खालच्याच खोलीत राहिली. त्या दिवशी मी उगीचच शाळेत गेले होते. त्याची हातगाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत संगणक खोलीच्या दारातून हलले नाही.