बांगडीतली पिन

चंद्रपूरच्या दवाखान्यात ती बाई माझ्या शेजारी बसली होती. एका हातात पदराने झाकलेला स्टीलचा गिलास, दुसऱ्या हाताने बांगडीतली सेफ्टी पिन सारखी फिरवणं.

"हिपॅटायटिस बी निंगाला मले. महिना झाला, ताट-गिलास अलगच ठेवतो," ती म्हणाली. मी नकळत थोडा सरकलो.

ते ऐकून समोरच्या नर्सबाई तिला म्हणाल्या, "ताटानं नाई पसरत, रक्तानं पसरते. घरच्या साऱ्यांना तपासायला आणा; ज्यांना नसेल त्यांना लस देऊ. अन् ब्लेड, सुई एकमेकांची वापरू नका."

बाईची बोटं थांबली. तिने पिन काढून गिलासात टाकली.

"ह्याच पिनीनं काल माह्या टाचेतला काटा काढला जी. रक्त आलं होतं," ती मला हळूच म्हणाली. "मंग नातीचा काढला."