समुद्राची वाळू, विहिरीचा गाळ

आमच्या कोल्हारला विहिरीत बुडी मारली की तळाचा गाळ मुठीत आणून दाखवावा लागतो. गाळ नाही तर बुडी खोटी. हा मान फक्त पोरांचा. पोरींनी काठावर त्यांचे कपडे सांभाळायचे! पाण्यासाठी, रेशनसाठी, एसटीसाठी मी पत्रकं वाटली; या अन्यायावर पत्रक कुणी काढलं?

नगरला कॉलेजात असताना मी तलावात पोहायला शिकले आणि डोक्यात स्कूबा शिरलं. मोबाईलवर तांबडा समुद्र, मालदीव, ऑस्ट्रेलियाची प्रवाळं बघायची. पाण्याखाली साऱ्या जगाची माणसं, आमच्या तालुक्याचं कुणी नाही. का नाही? अंदमान तर आपलंच आहे. निघाले.

विहीर चुलत्यांची. मी निघताना ते चारचौघांत म्हणाले, "समुद्राच्या तळाची माती आन, मग पोरींना बी हिरीत उतरू दीन."

"शब्द फिरवायचा न्हाई, तात्या."

अंदमानात पाठीवर हवेची टाकी बांधून खाली गेले. कान ठणकले की नाक दाबून हळूच फुंकायचं, हे तिथं शिकले. पिवळ्या माशांचा थवा अंगावरून गेला आणि खाली पांढरी वाळू! हात आपोआप गेला, मूठ भरली. शिकवणाऱ्या ताईंनी मनगट धरलं. वर आल्यावर म्हणाल्या, "इथलं काही उचलायचं नाही. वाळूतही जीव असतात." गावी प्रवरेतल्या वाळूउपशाविरुद्ध ओरडत फिरणारी मीच ना! मूठ तर मी खालीच सोडली होती.

गावात आले तेव्हा सगळे विहिरीवरच होते.

"माती कुठंय?" तात्या.

"समुद्राची समुद्रात."

"मग बुडी खोटी!"

पोरं खिदळली. माझं डोकं तडकलं. कपड्यांसकट उडी टाकली. तीन पुरुष पाणी. मध्येच कान ठणकले. नाक दाबलं, फुंकलं, आणखी खाली गेले. वर आले ती दोन्ही मुठी भरून. तात्यांच्या तळहातावर गाळ थापला.

"घ्या. तुमच्याच हिरीतला."

तात्यांनी तो बोटांनी चोळला. मग पोरांकडं वळले. "ह्यो काळा गाळ हाय. मधल्या खड्ड्यातला. तुमी आनता ती कडंची पिवळी माती व्हय रं?"

पोरांनी हात पाठीमागं लपवले.

"उद्या पवायला शिकवायचं, तर पाठीला डबा कुनाच्या बांधायचा?" तात्यांनी मला विचारलं.

काठावर माझी चुलत बहीण पोरांचे कपडे कवटाळून उभी होती. तिनं ते तिथंच चिखलात टाकले आणि पुढं आली.