गाफील नव्हे, बेखबर

ताईंसमोर ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणून सुटायची सोय नव्हती. पक्षकार असो, हवालदार असो की माझ्यासारखी नवी ज्युनिअर वकील असो, त्या चष्मा कपाळावर चढवायच्या आणि शांतपणे विचारायच्या, “माहीत नव्हतं, की कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलेलं कानाआड केलं होतं? तिन्ही वेगळं आहे.” समोरचा माणूस गडबडायचा. मग आपल्याच वाक्याकडे पहिल्यांदा नीट बघायचा.

संभाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात ताईंनी उभा जन्म फौजदारी वकिली केली. काळ्या कोटाखाली कायम सुती पांढरी साडी, खांद्याला फुगलेली कापडी पिशवी आणि आवाज असा की, बाररूममध्ये हळू बोलल्या तरी शेजारच्या टेबलावरच्यांची चर्चा थांबायची. वडील गिरणीत कामगार होते. लेकीनं शिकायचंच, हा बाबासाहेबांचा शब्द त्यांनी घरात असा पाळला की, ताई सनद घेऊन आल्या त्या दिवशी पडेगावच्या त्यांच्या गल्लीत पेढे कमी पडले होते. लोक त्यांना वकीलबाई म्हणत, आम्ही ज्युनिअर ताई म्हणायचो.

एकदा मी एका अर्जात ‘सदर इसम या बाबीपासून अनभिज्ञ होता’ असं लिहिलं. ताईंनी तो शब्द खोडला. “सुषमा, हा मोठ्या लोकांचा शब्द आहे गं. साहेब अनभिज्ञ असतात, मंत्री अनभिज्ञ असतात. गरिबाला कुणी अनभिज्ञ म्हणतं का? त्याला सरळ अडाणी म्हणतात. ‘त्याला हे कळवलं नव्हतं’ असं लिही. म्हणजे कुणी कळवायला हवं होतं, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.” त्यानंतर तो शब्द माझ्या लेखणीतून कधी उतरला नाही.

पण ताई खऱ्या कळल्या त्या शोभाच्या खटल्यात.

शोभा बिडकीनच्या एका पाळणाघरात मुलं सांभाळायची. एका सकाळी तीन वर्षांचा एक मुलगा फाटकातून थेट रस्त्यावर गेला आणि टेम्पोखाली त्याचा पाय सापडला. जीव वाचला, पाय मोडला. मालकीणबाईंनी पोलिसांना सांगितलं की बाई फोनवर बोलत बसली होती. निष्काळजीपणाचा गुन्हा एकट्या शोभावर दाखल झाला. ती पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा काही विचारण्याआधीच म्हणाली, “बाई, माझंच चुकलं. मी गाफील राह्यले. समदे तेच म्हणतेत.”

ताईंनी तिला आधी चहा पाजला. मग विचारलं, “फोनवर होतीस?”

“नाय वो. धाकट्याला भरवत हुते. फाटकाला कडी घातली हुती.”

“कडी बसली होती?”

“ते मला काय ठावं? मी सुट्टीवरनं त्याच दिशी आलते. घातली की बसती, रोजच्यावानी.”

ताईंनी चष्मा कपाळावर चढवला.

मालकीणबाई साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा त्याही ठासून म्हणाल्या, “ती गाफील राहिली.” ताई उलटतपासाला उठल्या. आवाज अजिबात चढला नव्हता.

“फाटकाची कडी मोडली होती?”

“हो. म्हणजे, ढिली झाली होती.”

“तुम्हांला कधी कळलं?”

“आधीच्या आठवड्यात.”

“मग काय केलंत?”

“स्वयंपाकाच्या बाईला सांगितलं, दोरीनं बांधत जा म्हणून.”

“आणि शोभाला कुणी सांगितलं?”

मालकीणबाई खालच्या मानेनं म्हणाल्या, “ती सुट्टीवर होती.”

“आल्यावर?”

ताई मालकीणबाईंकडे एकवार बघून खाली बसल्या.

युक्तिवादात ताई म्हणाल्या, “साहेब, ज्याला धोका माहीत आहे आणि तरी ज्याचं लक्ष नाही, तो गाफील. ज्याच्यापर्यंत धोक्याची खबरच पोचली नाही, तो बेखबर. आपल्या शहरात हे दोन्ही शब्द पिढ्यान्‌पिढ्या बोलले जातात, त्यांतला फरक इथं सगळ्यांना कळतो. माझी अशील बेखबर होती. गाफील कोण होतं, ते साक्षीतून समोर आलेलं आहे.”

शोभा निर्दोष सुटली. बाहेर आम्ही आनंदात होतो, ती मात्र पायरीवर बसून रडत होती. “कोर्टानं सोडलं, पण लेकरू माझ्या पदरात असताना टेम्पोखाली आलं. त्याला एकडाव डोळ्यानं बघायचंय.”

दुसऱ्या कुणी समजूत घालून तिला घरी पाठवलं असतं. ताईंनी मुलाच्या आईला फोन केला, परवानगी मागितली आणि रविवारी आम्ही तिघी बिडकीनला गेलो. आईनं दार उघडलं, पण तोंड फिरवलं. “या म्हणलं ते वकीलबाईंच्या शब्दाखातर. मला बोलायचं नाय.” तेवढ्यात आतून मुलगा किंचित लंगडत आला, “मावशी!” म्हणाला आणि शोभाच्या मांडीवर चढून बसला. शोभाला हुंदका आवरेना. ताईंनी कडीची सगळी हकिगत आईला सांगितली. ती सुन्न झाली. “मला तर फोनवर होती एवढंच सांगितलं,” असं म्हणत तिनं शोभाचा हात धरला. “इतके दिवस मी तुम्हांला शिव्याशाप देत होते वो.”

परत येताना ताई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. खटला जिंकल्यावरही मी त्यांना इतकं समाधानी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी ताई आजारी पडल्या. मी दवाखान्यात गेले तर त्यांचा मुलगा अमोल मला व्हरांड्यातच थांबवून म्हणाला, “रिपोर्ट वाईट आहेत. आईला साधी कावीळ आहे असंच सांगितलंय. तू पण तेच म्हण.”

आत गेले. ताईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. “तुला काय सांगायला सांगितलंय?”

खोटं बोलणं मला जमणार नव्हतं आणि खरं सांगण्याचा हक्क माझा नव्हता. “अमोलला पाठवते,” एवढंच म्हणून मी बाहेर आले.

“त्या विचारतायत, अमोल. सांग त्यांना.”

“ती खचेल गं.”

“खचल्या तर आपण आहोत. पण त्यांना अंधारात ठेवू नकोस.”

तो आत गेला. दार अर्धवट उघडं होतं. त्याचं अडखळत बोलणं संपलं आणि मग ताईंचा आवाज आला, “ये, इथं बस. आधी तू रडून घे.”

त्यानंतरचे दिवस ताईंनी नेटानं वापरले. चालू खटल्यांतल्या प्रत्येक पक्षकाराला बोलावून, आपण आता उभ्या राहू शकणार नाही, हे स्वतः सांगितलं. कामं आम्हां ज्युनिअरांत वाटून दिली. एका दुपारी अमोलला गाडी काढायला लावून वेरूळला गेल्या, चढाउतार झेपत नव्हता म्हणून झाडाखाली बसून पेरू खाल्ला. मला म्हणाल्या, “पोरानं सांगितलं ते बरं झालं. एकटाच ओझं वाहत होता. आता रोज रात्री दोघं गप्पा मारतो. त्याच्या लहानपणी कोर्टापायी राहून गेल्या होत्या त्या.”

ताईंनी एका सकाळी घरीच प्राण सोडला, अमोलच्या हातात हात ठेवून. आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आणि तरी त्या घरात कुठंही कुजबुज नव्हती; कुणापासून लपवायचं काही उरलंच नव्हतं.