क्लिपचा स्क्रू

सोपान गेल्याची बातमी मला भाऊसाहेबांनी फोन करून सांगितली, आणि या गोष्टीचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. दुपारची वेळ होती. दुकानात मी बेअरिंगांचे खोके लावत होतो. "दत्तोबा, आपला सोपान मेस्त्री गेला. कंपनीत पाळीवर असतानाच. हार्ट अ‍ॅटॅक," भाऊसाहेब म्हणाले. 'आपला' हा शब्द त्यांनी ज्या सहजपणे उच्चारला, तो माझ्या कानात चार-पाच दिवस वाजत राहिला. दहाव्याला भीमेच्या काठावर माणूस मावत नव्हता. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे पिंडाला कावळा शिवायच्या आधी भाषणं झाली. भाऊसाहेब आता साखर कारखान्यावर संचालक आहेत, त्यामुळे त्यांना पहिला मान. "सोपानरावांसारखा कारागीर तालुक्यात झाला नाही," असं त्यांनी माइकवर सांगितलं. मग कुणीतरी माझं नाव पुकारलं. मीही दोन शब्द बोललो... बालपणीचा मित्र, मनमिळाऊ, कष्टाळू. तोंडातल्या तोंडात गुळगुळीत शब्द फिरवून मी खाली बसलो. जे बोलायला हवं होतं ते त्या दिवशीही बोललो नाही, आणि त्या आधीची सात वर्षंही नाही. म्हणून हे लिहितो आहे.

सोपान खुटबावचा. आजोबांच्या पिढीपर्यंत त्यांची मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली आणि सोपाननं पाना. दौंडच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. नव्वदच्या आसपास मी स्पेअर पार्टचं दुकान काढलं आणि त्यानं माझ्या शेजारीच पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं. त्याच्या कामाच्या काही रीती होत्या आणि त्यांवरून आम्ही त्याची भरपूर टिंगल करायचो. नळी बसवली की क्लिपच्या स्क्रूचं डोकं वरच्या बाजूला आलंच पाहिजे. इतर मेस्त्री हाताला येईल तिकडं ठेवतात. हा पुन्हा ढिला करून फिरवायचा. कारण विचारलं की म्हणायचा, "उद्या दुसऱ्या कुणाला खोलायचं झालं तर त्याचा हात नको का पोचायला?" दुसरी रीत ग्रीसची. एअर फिल्टर बदलला की त्याच्या पुढच्या नळीत आतून बोटानं ग्रीसचा पातळ हात द्यायचा आणि गिऱ्हाइकाला आठ दिवसांनी परत बोलवायचं. नळी उघडून तेच ग्रीस दोन बोटांत चोळायचं. मऊ लागलं तर फिल्टर खरा. खरखरलं तर धूळ इंजिनात चाललीय. "बोट खोटं बोलत न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आठ दिवसांनी परत यायला गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण यायची. त्याच्या हातावर लोकांचा तेवढा विश्वास होता, आणि सोपानकडे दुसरी इस्टेट नव्हती.

शिरूरकडे कारखाने आले, जमिनींना भाव आला आणि घोडनदीकाठच्या भाऊसाहेबांनी मुंबईहून एक जुनी, परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी. गतिरोधक आला की मागे बसलेल्याला उतरावं लागायचं. गावानं तिचं नाव 'बसकी' ठेवलं. रस्त्यानं चालली की लोक बाहेर येऊन बघायचे, पण भाऊसाहेबांची तक्रार होती की गाडीला आवाज नाही. आता यात तोंड घालायचं मला काही कारण होतं का? पण मला शहाणपणा मिरवायची सवय. "मोकळा फिल्टर टाका, भाऊसाहेब. वाघासारखी गुरगुरंल," मी म्हणालो आणि पुढच्याच आठवड्यात पुण्याहून तो घेऊन आलो. नरसाळ्याच्या आकाराचा, लाल कापडाचा, चकचकीत टोपीचा. कंपनीचा डबा काढून टाकायचा आणि हा उघडाच बॉनेटखाली बसवायचा. सोपाननं तो हातात फिरवून बघितला आणि परत माझ्याकडं दिला.

"ही वस्तू डांबरावरची हाय, दत्ता. आपल्याकडं डांबर हाय कुठं? उसाच्या रस्त्यानं गाडी जाणार. डब्यात असतो तवा फिल्टरला आडोसा असतो. ह्यो तर उघडा बसणार."

"तू लाव रे. भाऊसाहेबांना मी शब्द दिलाय," मी म्हणालो. माझ्या शब्दाखातर त्यानं लावला. एवढंच कारण. सकाळभर बसून त्यानं नळी मापात कापली, फिल्टरच्या तोंडावर चढवली, आत ग्रीसचा हात दिला, क्लिप आवळली, स्क्रू वर. आणि भाऊसाहेबांना बजावलं, "धुळीत न्हेऊ नका. मधी कुणी हात लावायचा न्हाई. आठ दिवसांनी माझ्याकडं आणा." गाडी चालू केली तर खरंच गुरगुरली. भाऊसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पाचव्या दिवशी त्यांच्या गावची बिरोबाची यात्रा होती. नवी वस्तू देवाला दाखवायची, म्हणून बसकी थेट देवळापुढच्या पटांगणात उभी केली. ढोल चालू होते. सोपान त्या दिवशी बहिणीकडे गेलेला. भाऊसाहेबांनी बॉनेट उघडून धरलं आणि मी आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबत होतो, लोकांना आवाज ऐकवायला. मग भंडारा उधळायला सुरुवात झाली. गाडीवर भंडारा टाकायची पद्धतच आहे. मूठभर हळद चाकांवर, काचेवर टाकतात. पण इथं बॉनेट उघडं, इंजिन चालू, फिल्टर उघडा, आणि लोक ओंजळीनं उधळत होते. फिल्टर भंडारा ओढून घेतोय हे बघून पोरांना अजून चेव चढला. लाल फिल्टर पिवळा झाला आणि मी हसत होतो. भाऊसाहेब पंगतीला गेले आणि किल्ली माझ्याकडं राहिली. जरा वेळानं गाडी गचके खायला लागली. सोपानला कळवायचं सोडून मी ती पंक्चरच्या दुकानात नेली, क्लिप ढिली केली, फिल्टरला हवा मारली, पेट्रोलनं धुतला आणि परत बसवला. म्हटलं तर दहा मिनिटांचं काम. नळी एका बाजूनं नीट चढली नव्हती... पण गाडी चालू झाली, आणि मी हात पुसले. भाऊसाहेबांना यातलं काही सांगितलं नाही. आपला शहाणपणा अंगाशी आला हे कोण सांगतो?

आठव्या दिवशी भाऊसाहेब गेले नाहीत. तीन आठवड्यांनी गाडी निळा धूर ओकत सोपानच्या दारात आली. मागून भाऊसाहेबांची चार-पाच माणसं आणि भाऊसाहेबही. मी दुकानातून उठून गेलो. सोपाननं बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदा क्लिपकडं बघितलं. स्क्रू खालच्या बाजूला होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, पण मला कळायला पुरेसं.

"मधी कुणी खोललं व्हतं का?" त्यानं सगळ्यांना विचारलं.

"तुम्हीच बजावलंय ना कुणी हात लावायचा न्हाई म्हणून? मंग कोण लावंल?" भाऊसाहेब म्हणाले.

मी टायरकडं बघत उभा राहिलो. सोपाननं इंजिनाकडून नळी सोडवून ओढली, फिल्टरकडून ती क्लिप न उघडताच निघून आली. त्यानं आत बोट फिरवलं. पिवळं ग्रीस आणि त्यात माती. दोन बोटांत त्यानं ते चोळलं. खरखर मला दोन हातांवरून ऐकू आल्यासारखी वाटली. बोटावर भंडारा आहे म्हटल्यावर त्यानं ते चिंधीला पुसलं नाही, आधी कपाळाला टेकवलं. देवाच्या भंडाऱ्यावर तो कधीच बोट ठेवणार नव्हता. माझ्यावर ठेवू शकला असता. तो थांबला होता, मी बोलावं म्हणून. पण भाऊसाहेबांच्या ट्रॅक्टरांचं, ट्रकांचं सगळं सामान माझ्या दुकानातून जायचं, आणि मी तोंडाला कुलूप लावलं. शेवटी तो म्हणाला, "काम माझ्या हातचं हाय. जबाबदारी माझी. इंजिन मी उतरवून बांधून देतो." भाऊसाहेबांनी दिलं नाही. "तुम्हीच खाल्लं इंजिन, आता परत तुमच्याच हातात देऊ व्हय?" म्हणाले आणि गाडी ट्रकवर घालून पुण्याला नेली. काढलेली नळी सोपानच्या हातातच राहिली.

पुढं दोन वर्षं भाऊसाहेब जिथं चहा पीत तिथं ही गोष्ट सांगत. लोक हसायचे. आठ दिवसांनी परत यायची सवय लागलेली गिऱ्हाइकं आली नाहीत ती नाहीतच. मी ज्यांना पार्ट विकायचो तेच दुसऱ्या गॅरेजला जायचे आणि मी त्यांना सुट्टे मोजून द्यायचो. पत्र्याची शेड उतरली. सोपान कंपनीत कंत्राटी लागला, गेटवर झडती देऊन आत जाणारा. माझ्याकडं येणं त्यानं बंद केलं नाही, हे सगळ्यात वाईट. यायचा, चहा प्यायचा, विषय काढायचा नाही. जाण्याच्या पंधरा दिवस आधी आला तेव्हा माझ्या स्कूटरची पेट्रोलची नळी गळत होती. त्यानं क्लिप आवळली आणि सवयीनं स्क्रू वर फिरवला. "आता पोचंल हात," एवढंच म्हणाला. मी चहा मागवला.

तेराव्यानंतर मी खुटबावला गेलो. त्याची बायको, सुमनवहिनी, हत्यारांची पेटी दाखवत होत्या. एकेक पाना पुसून कापडात गुंडाळलेला. तळाशी एक काळी रबरी नळी होती, मळकी, क्लिपसकट.

"सगळं पुसून ठेवायचे. ही तेवढी धुवायची न्हाई म्हणायचे. काय हाय तिच्यात, भावजी?"

मी आत बोट घातलं. ग्रीस वाळून घट्ट झालं होतं, पण पिवळं होतं आणि दोन बोटांत चोळल्यावर खरखरलं.

"भंडारा हाय, वहिनी. आन् माती." नळी मी पेटीवर ठेवली. "त्यांची चूक नव्हती. मधी मी खोललं व्हतं."

वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्या घरात मी गेलो की न विचारता चहा यायचा. त्या दिवशी चुलीकडं कुणी गेलं नाही. "मला वाटायचं, यांचाच हात चुकला," त्या म्हणाल्या. "सात वर्सं मी त्यांना तेच म्हणत आले." मग नळी त्यांनी माझ्या हातात दिली. "घेऊन जावा. ही तुमची हाय."

नळी आता माझ्या गल्ल्यावर टांगलेली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगतो. परवा भाऊसाहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट झाली," आणि फॅनबेल्ट घेऊन गेले. नळी गाडीत होती तशीच टांगलीय आणि क्लिपही तशीच आहे. एक स्क्रू उलटा दिसला तर दुसऱ्याची गाडी थांबवून सरळ करणाऱ्या माणसानं सात वर्षं ती स्वतःच्या पेटीत ठेवली, पण तिला हात लावला नाही. स्क्रू खालच्याच बाजूला आहे, मी ठेवला होता तिथं.