भुरीचा पत्ता

दिल्लीतल्या मयूर विहारच्या हेमांगीताईंनी उभ्या जन्मात लोकांना एकच गोष्ट शिकवली: नसबंदीसाठी उचललेलं कुत्रं जिथून उचललं, तिथंच परत सोडायचं. वीस वर्षांपूर्वी त्यांच्यासह चार मैत्रिणींनी पत्र्याच्या शेडमध्ये प्राण्यांचा निवारा काढला, तेव्हापासून प्रत्येक कुत्र्याला कुठं सोडायचं त्या पत्त्याचं कार्ड ताईच लिहीत. 'कहीं दूर छोड़ दो ना' म्हणत एखाद्या सोसायटीचा सेक्रेटरी गयावया करू लागला, की ताई त्याला असं काही झापत की बिचारा पुन्हा फोन करत नसे.

मग त्यांच्याच सोसायटीतली भुरी त्यांच्याच नातवावर भुंकली. चावली नाही, नुसती भुंकली. पण सून अक्षयाने सांगून टाकलं, ही कुत्री परत आली तर मी मुलाला घेऊन माहेरी जाईन. भुरी तेव्हा ऑपरेशनसाठी निवाऱ्यातच होती. ताईंनी तिच्या कार्डावर पत्ता लिहिला: गाझियाबाद, भाजी मंडी. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याचीच पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

गेटवरचा गार्ड शंकर भुरीला आपल्या डब्यातली पोळी घालायचा. आता तो रोज सकाळी ती कागदात बांधून ताईंच्या हातात देऊ लागला. टाके अजून ओले आहेत, असं सांगून ताई ती घेत आणि निवाऱ्यातल्या दुसऱ्याच कुत्र्यांपुढे टाकत. सहाव्या दिवशी पोळीला तूप लावलेलं होतं. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निवाऱ्याची गाडी चालवणारा दामू पहिल्या दिवसापासूनचा माणूस, वर्ध्याकडचा. त्याला त्यांनी सगळं सांगितलं.

"मंडीत सोडतानाच मी ओळखलं होतं तिला, ताई," तो म्हणाला. "पण पत्ता तुमच्या अक्षरात होता. म्हटलं, काही कारण असेल."

दोघं दुपारभर मंडीत फिरले. भाजीवाल्यांना विचारलं, ट्रकांखाली वाकून पाहिलं. कुत्री पुष्कळ होती, भुरी नव्हती. संध्याकाळी ताई गेटवर उभ्या राहिल्या आणि शंकरला खरं काय ते सांगून टाकलं. तो चिडेल, चारचौघांत बोलेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. खरं तर तसं व्हावं असंच त्यांना वाटत होतं.



"हमसे कह देतीं, आंटीजी," शंकर म्हणाला. "हम उसे अपने गाँव ले जाते."